डेस्कटॉप चालूच होत नाही: भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत बिघाड कसा शोधायचा

वर्षातून दोन वेळा माझ्याकडे 'कॉम्प्युटर चालूच होत नाहीये' असे फोन हमखास येतात. एकदा दिवाळीची साफसफाई उरकली की, आणि एकदा जूनमधला पहिला जोरदार पाऊस पडून लाइट चार-पाच वेळा गेले-आले की. दिवाळीतले बहुतेक कॉम्प्युटर धडधाकट असतात. टेबल पुढे ओढताना मागची वायर सैल झालेली असते, नाहीतर फडका फिरवताना कॅबिनेटच्या मागचं छोटं बटण बंद झालेलं असतं. पावसातले मात्र खरोखर आजारी असतात. पण त्यांचाही आजार बहुधा एकाच भागापुरता असतो, तो म्हणजे एसएमपीएस, भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारी कॅबिनेटमधली पेटी. 'मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या' एवढ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून लोक चांगलं चालणारं मशीन भंगारात देतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. नीट तपासायला अर्धा-पाऊण तास पुरला असता.

ही तपासणी घरी करता येते. लागतं काय, तर एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, बोटभर वायर आणि जमलं तर एक साधा डिजिटल मल्टिमीटर. त्याहून जास्त गरज आहे ती क्रम न मोडण्याची. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: वीज इथपर्यंत पोहोचली का? पोहोचली असेल तर पुढे जायचं, नसेल तर तिथेच थांबून तो तुकडा बघायचा.

आधी एक गोष्ट समजून घ्या

ट्यूबलाइटचं बटण दाबलं की वीज थेट त्या बटणातून ट्यूबकडे जाते. कॉम्प्युटरच्या पुढच्या बटणाचं तसं नाही. त्यातून मशीन चालवणारी वीज जातच नाही. ते बटण मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या आतल्या मुख्य बोर्डावरच्या, दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, बस. ती खूण मिळाली की मदरबोर्ड एका हिरव्या वायरवरून एसएमपीएसला सांगतो, 'चालू हो'. मग एसएमपीएस १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. पुरवठा स्थिर झाला की तो करड्या वायरवरून 'सगळं ठीक' असा निरोप परत पाठवतो, आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं.

आता विचार करा. बटणाची खूण ओळखायला मदरबोर्ड आधीपासून जागा असायला हवा. तो असतोच. एसएमपीएसला मागून वीज मिळत असेल तोवर जांभळ्या वायरमधून ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चोवीस तास चालू असतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. म्हणजे 'बंद' असलेला डेस्कटॉप पूर्ण बंद कधीच नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते, कारण प्रश्नाचे दोन भाग पडतात: स्टँडबाय आहे का, आणि बटण दाबल्यावर मुख्य पुरवठा सुरू होतो का.

'चालू होत नाही' म्हणजे नेमकं काय होतं?

कॅबिनेटजवळ कान नेऊन बटण दाबा आणि नीट बघा. काहीही हालचाल नाही, एकही दिवा नाही, पंखा नाही, हा एक प्रकार. पंखा एक झटका घेतो आणि थांबतो, हा दुसरा. मशीन सुरू होतं आणि बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद पडतं, हा तिसरा. पंखे मस्त फिरताहेत पण स्क्रीन काळी, हा चौथा.

चौथ्या प्रकारात वीज पोहोचलेली आहे, दोष वेगळा आहे. त्याबद्दल पुढे थोडक्यात सांगतो. तिसऱ्या प्रकारात माझा पहिला संशय पुढच्या बटणावर असतो. बटण चार सेकंद दाबून धरलं तर मशीन सक्तीने बंद होतं हे तुम्हाला माहीत असेल. धूळ आणि दमटपणाने बटण आत अडकून बसलं असेल, तर मशीनच्या दृष्टीने ते सतत दाबलेलंच असतं. म्हणून सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. बटण नखाने बाहेर ओढून बघा. कितीतरी वेळा काम तिथेच संपतं.

भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

आधी सॉकेट. इथे दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, टेस्टर. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं. न्यूट्रल तुटला असेल तरी टेस्टर छान पेटतो आणि त्या सॉकेटवर काहीच चालत नाही. दुसरी, मोबाइलचा चार्जर. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतात, म्हणून व्होल्टेज पडलेलं असलं तरी मोबाइल चार्ज होत राहतो आणि सॉकेट ठीक आहे असं वाटतं. त्यापेक्षा टेबल फॅन किंवा जुना पिवळा बल्ब लावा. फॅन नेहमीच्या वेगाने फिरला, बल्ब नेहमीसारखा उजळला, तर सॉकेट ठीक.

मग मधले सगळे मध्यस्थ काढून टाका. एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्ड, यूपीएस, सगळं बाजूला ठेवा आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घाला. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. बॅटरी पूर्ण मेली की काही यूपीएस लाइट असतानाही सुरू होत नाहीत. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आलेली तक्रार शेवटी यूपीएसच्या बॅटरीवर येऊन थांबलेली मी खूपदा बघितली आहे.

पॉवर कॉर्ड बदलून बघा. मॉनिटरलाही बहुधा तशीच, तीन चपट्या पिनांची खोबण असलेली कॉर्ड असते. दोन्हींची अदलाबदल करा. मॉनिटरचा दिवा आता लागेनासा झाला तर दोष कॉर्डचा. कॉर्ड एसएमपीएसमध्ये पूर्ण आत गेली आहे ना, हेही हाताने दाबून बघा. नुसतं बघून ते कळत नाही.

एसएमपीएसच्या मागे कॉर्डजवळच एक खटका असतो. त्यावर उभी रेघ आणि गोल अशा दोन खुणा असतात. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. दिवाळीच्या फोनवर मी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो. जुन्या एसएमपीएसवर याशिवाय एक लाल सरकता खटका असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर सरकवून वीज दिली की आतून फटाक्यासारखा आवाज येतो आणि एसएमपीएस गेला म्हणून समजा. लहान मुलांच्या हाताला तो खटका लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा.

हे सगळं करताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागून मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर पुढची तपासणी थांबवा. सॉकेटला अर्थिंग नाही असा त्याचा सरळ अर्थ. एसएमपीएसच्या आत शिरणाऱ्या विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते आणि तिने अर्थच्या जाड पिनेतून जमिनीत जायचं असतं. अर्थिंग नसेल, किंवा दोन पिनांचा जुगाड केला असेल, तर ती तुमच्या बोटातून वाट काढते. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि आधी अर्थिंग करून घ्या. कॉम्प्युटर दोन दिवस थांबला तरी चालेल.

अर्ध्या मिनिटाचा उपाय

सॉकेट ठीक, कॉर्ड ठीक, तरी मशीन गप्प. कॉर्ड काढा, कॅबिनेटचं पुढचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि पुन्हा कॉर्ड लावून बघा. हा तोडगा वाटेल, पण त्याला कारण आहे. व्होल्टेज अचानक उसळलं किंवा आत कुठे क्षणभर शॉर्ट झालं, तर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि मागची वीज पूर्ण तुटेपर्यंत तसाच राहतो. बटण दाबल्याने कपॅसिटरमध्ये साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते आणि तो अडकलेपणा सुटतो. लाइट गेल्या-आल्यानंतर बंद पडलेली बरीच मशीन एवढ्यावर उठतात.

कॅबिनेट उघडल्यावर

कॉर्ड काढूनच झाकण उघडायचं. बसण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला, म्हणजे कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला, हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. २३० व्होल्टची वीज आत सरळ केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ती कॉर्ड काढल्यावरही राहू शकते. आतला फ्यूज बदलायचा मोह होतो, तोही आवरा. तो फ्यूज बहुधा मागचा एखादा भाग शॉर्ट झाल्यामुळेच उडालेला असतो. नवा टाकलात तर तोही उडेल.

टॉर्च लावून बघा, आणि नाकही वापरा. जळका वास एसएमपीएसच्या जाळीजवळ जास्त आहे का मदरबोर्डजवळ? मदरबोर्डवरचे छोटे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट काही गळलेलं असेल, तर बोर्डाला दुरुस्ती लागणार. झुरळं, कोळिष्टकं, मुंग्यांची माती, सगळं शोधा. आपल्याकडे पाल हा फार नेहमीचा पाहुणा आहे. आत ऊब असते आणि मागच्या उघड्या पट्टीतून ती शिरते. एकदा एका दुकानाच्या बिलिंगच्या मशीनमध्ये वाळलेली पाल नेमकी मदरबोर्ड आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत सापडली होती. ती काढून, बोर्ड ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर सुकू दिला आणि सकाळी मशीन सुरू झालं. तेव्हापासून मी मागच्या रिकाम्या खाचांवर पट्टी लावल्याशिवाय झाकण बंद करत नाही.

मग जोडण्या दाबून बघा. मदरबोर्डच्या कडेला २४ पिनांचा लांब जोड असतो आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांचा दुसरा. दोन्ही काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. प्रोसेसरजवळचा तो छोटा जोड अनेकांच्या नजरेतून सुटतो. तो सुटलेला असेल तर पंखे फिरू शकतात, पण पुढे काहीच होत नाही.

आता झाकण उघडंच ठेवून कॉर्ड लावा. आत हात न घालता बघा: मदरबोर्डवर कुठे छोटा दिवा लागला का? मागे नेटवर्कच्या खाचेत दिवा, माउसच्या पोटातला लाल दिवा, काहीही चालेल. दिवा लागला तर स्टँडबायचा ५ व्होल्टचा पुरवठा येतो आहे, म्हणजे एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे. काही बोर्डांवर असा दिवा नसतो, म्हणून न लागल्यास लगेच निकाल देऊ नका.

बटणच खराब असेल तर

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने बारीक वायरींचा एक झुपका मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात जातो. त्यात पॉवर स्विच, रिसेट स्विच आणि दोन दिव्यांच्या वायरी असतात. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर ९ पिनांचा गट असतो आणि त्यात ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना पॉवर स्विचच्या. बोर्डावर शेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा आणि काही काढायच्या आधी तो फोटो जपून ठेवा. नंतर जोडताना तोच उपयोगी पडतो.

पॉवर स्विचची छोटी टोपी वर ओढून काढा. कॉर्ड लावलेली असू द्या. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकदम, क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. इथे फक्त ५ व्होल्टपर्यंतची वीज आहे, शॉक लागत नाही. पण टोक शेजारच्या पिनांना लागणार नाही याची काळजी घ्या. मशीन सुरू झालं? मग सगळं ठीक आहे, बिघडलं आहे ते फक्त पुढचं बटण. नवीन बटण मिळेपर्यंत रिसेट स्विचची टोपी पॉवरच्या पिनांवर बसवा आणि रिसेटच्या बटणाने मशीन चालू करा. एका क्लासचं मशीन मी असं करून दिलं, ते चार वर्षं त्याच बटणावर चाललं.

एसएमपीएसची परीक्षा

पिना टेकवूनही काही झालं नाही, तर एसएमपीएस बाहेर तपासायचा. कॉर्ड काढा. २४ पिनांचा जोड, प्रोसेसरचा जोड, ग्राफिक्स कार्डाची, हार्ड डिस्कची, सगळ्याची वायर सोडवा. मदरबोर्डला किंवा चांगल्या हार्ड डिस्कला वीज जोडलेली ठेवून ही परीक्षा घेऊ नका. भार म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा जोडा.

२४ पिनांच्या जोडात एकच हिरवी वायर असते. पेपरक्लिप सरळ करून तिचं एक टोक हिरव्या वायरच्या खाचेत आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरच्या खाचेत घाला. मगच कॉर्ड लावा आणि मागचा खटका चालू करा. मदरबोर्ड जे सांगतो तेच तुम्ही हाताने सांगितलं आहे. हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा रंगावर जाऊ नका, जागा बघा: जोडाची कडी तुमच्याकडे आणि वायरी वरच्या बाजूने येत आहेत असा तो धरला, तर कडीच्या बाजूच्या रांगेत डावीकडून चौथी खाच हिरव्या वायरची, म्हणजे १६ क्रमांकाची. तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. खात्री होत नसेल तर क्लिप घालू नका. आणि काही ब्रँडेड मशीनमध्ये २४ पिनांचा जोड नसतोच, त्यांचा वेगळाच छोटा जोड असतो. तिथे ही पद्धत लागू नाही.

पंखा फिरलाच नाही, तर एसएमपीएस गेला, जवळजवळ नक्की. जवळजवळ अशासाठी, की काही महागड्या एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भाराला मुद्दाम थांबलेला असतो. म्हणून तर भारासाठी वेगळा पंखा लावायला सांगितलं.

पंखा फिरला, तर मात्र 'एसएमपीएस चांगला आहे' असं म्हणायची घाई नको. पंखा ९ व्होल्टवरही फिरतो. इथे मल्टिमीटर लागतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी सळई काळ्या वायरला आणि लाल सळई एकेका रंगाला लावा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७, जांभळ्यावर ४.७५ ते ५.२५ आणि करड्या वायरवर ५ च्या जवळपास यायला हवं. यातलं एकही आकड्याबाहेर असेल तर एसएमपीएस बदला. पिवळ्यावर १०.८ दिसत असेल आणि पंखा झोकात फिरत असेल, तरी मशीन सुरू होणार नाही.

मल्टिमीटर असेल तर खरं म्हणजे क्लिपच्याही आधी एक गोष्ट करता येते. सगळं मदरबोर्डला जोडलेलं असताना, २४ पिनांच्या जोडाच्या मागून सळई आत सरकवून जांभळी वायर मोजा. शून्य आलं, तर सगळ्या वायरी सोडवून पुन्हा मोजा. आता ५ आलं? मग एसएमपीएस ठीक आहे, मदरबोर्ड किंवा त्याला जोडलेलं काहीतरी त्या पुरवठ्याला खाली ओढतंय. आताही शून्यच? मग एसएमपीएस. त्यानंतर हिरवी वायर मोजा. बंद असताना तिच्यावर ५ च्या आसपास असतं आणि बटण दाबल्यावर ते शून्याकडे उतरायला हवं. उतरलं आणि तरी पिवळ्यावर काही आलं नाही, तर एसएमपीएस सांगितलेलं करत नाही, किंवा पुढे शॉर्ट आहे म्हणून तो नकार देतोय. उतरलंच नाही, तर मदरबोर्डपर्यंत बटणाची खूण पोहोचत नाही किंवा मदरबोर्ड ती ओळखत नाही. या दोन मोजण्यांत अख्खं निदान होतं. म्हणून सांगतो, आयुष्यात एकदा मल्टिमीटर घ्याच.

पंखा झटका घेऊन थांबतो

याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस प्रामाणिकपणे स्वतःला वाचवतोय. इथे वजाबाकी करायची. दर वेळी कॉर्ड काढून एकच गोष्ट सोडवा, कॉर्ड लावा, बटण दाबा. आधी बाहेरची: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, माउस, कीबोर्ड, सगळ्या यूएसबी वायरी. मग पुढच्या यूएसबीची मदरबोर्डकडे जाणारी वायर. मग हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह. मग ग्राफिक्स कार्ड. मग रॅम एक-एक करून.

पुढच्या यूएसबीचं नाव मी मुद्दाम वर घेतलं. बारावीतल्या एका मुलाचं मशीन माझ्याकडे आलं, त्याचा एसएमपीएस आधीच दोनदा बदलून झालेला होता. पंखा झटका घ्यायचा आणि थांबायचा. टॉर्च लावून पुढचे यूएसबी बघितले, तर एकाच्या आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली आणि चार पिवळ्या पिनांपैकी एक वाकून पत्र्याला चिकटलेली. पेन ड्राइव्ह उलटा घालून जोर लावलेला होता. पुढची यूएसबीची वायर मदरबोर्डवरून काढली आणि त्याच क्षणी मशीन सुरू झालं. काही बोर्डांवर हाच दोष जरा वेगळा दिसतो: मशीन सुरू होतं, स्क्रीनवर यूएसबी ओव्हर-करंटची सूचना येते आणि १५ सेकंदांत बंद होतं.

सगळं काढूनही झटकाच घेत असेल, तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा. बोर्डाखाली पितळेचे छोटे खुंट असतात. एखादा खुंट नको त्या जागी राहिला किंवा एखादा स्क्रू निसटून खाली अडकला, तरी शॉर्ट होतो. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवा, त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एसएमपीएसचे दोन जोड ठेवा, आणि पॉवरच्या पिना स्क्रू-ड्रायव्हरने टेकवा. बाहेर सुरू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये. बाहेरही तेच, तर बोर्ड किंवा क्वचित प्रोसेसर. हे मात्र घरी सोडवायचं काम नाही.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी

थोडक्यात सांगतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे का मदरबोर्डला, ते बघा. वेगळं कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका आणि दोन्ही बाजूंच्या कड्या बसेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पावसाळ्यात दमट हवेने या कडा काळवंडतात आणि एवढ्याने मशीन उठतं. नाहीच, तर कॉर्ड काढून मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा. त्याने सेटिंग मूळपदावर येतात. सेल जुना असेल तर बदलाच, ३ व्होल्टचा असतो, घड्याळजीकडेही मिळतो. मशीन सुरू झाल्यावर तारीख-वेळ नीट करा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षिततेच्या सूचना देत बसेल. काही मशीनवर या बदलानंतर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की मागतं, म्हणून ती आधीच दुसऱ्या मोबाइलवर किंवा कागदावर काढून ठेवलेली बरी.

नवा एसएमपीएस घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीला गेलात तर 'साडेचारशे वॉट' असं मोठ्या अक्षरांत छापलेले डबे वेगवेगळ्या किमतींना मिळतात. मोठी अक्षरं सोडा, बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत? १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून घेतात, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा हा. हातात घेऊन वजनही बघा, चांगला एसएमपीएस जड लागतो.

वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल, तर जुन्या वायरी नव्याला कधीही लावू नका. दुसऱ्या टोकाचा जोड सारखा दिसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. १२ व्होल्ट ५ च्या जागी गेले की हार्ड डिस्क जाते, आणि तिच्यातलं सगळं.

दुरुस्तीला द्यायचं असेल तर

बोर्डाचाच दोष निघाला, तर मशीन नेण्याआधी हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरी ठेवा. मशीन चालू न होण्याशी तिचा बहुधा काही संबंध नसतो, आणि दुरुस्त करणाऱ्याला बोर्ड तपासायला ती लागतही नाही. काढायला दोन वायरी आणि चार स्क्रू एवढंच, छोट्या पट्टीसारखी एसएसडी असेल तर एकच स्क्रू. यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर किंवा केस मिळते, त्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमचे फोटो, हिशोब, मुलांचे प्रोजेक्ट सगळं उतरवून घेता येतं, मूळ मशीन सुरू व्हायची वाट न बघता.

शिवाय एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा: सॉकेट आणि कॉर्ड तपासली, जांभळ्यावर इतके व्होल्ट, पिवळ्यावर इतके, पिना टेकवल्यावर काय झालं, काय काढल्यावर काय बदललं. असा कागद असलेलं मशीन माझ्याकडे आलं की मी थेट बोर्डापासून सुरुवात करतो आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो.